हॉवर्थच्या पाळकाचा अर्जही शिकवा
(इंग्रजी साहित्य शिकवणाऱ्या प्राध्यापकांना खुले पत्र)

आदरणीय प्राध्यापक मंडळी,

सप्रेम नमस्कार.

आपल्यापैकी बहुतेकांनी ब्राँटे भगिनी, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लिश कादंबरीकार शार्लट, एमिली आणि ॲन, शिकवल्या असतील, काहींनी वर्षानुवर्षं. शार्लट आणि एमिलीचा धडा सुरू झाला की आधी हॉवर्थ गावाचं वर्णन येतं. उत्तर इंग्लंडातल्या यॉर्कशरचा उघडा माळ, त्यावरचा वारा, चर्चला लागून असलेलं दगडी घर, खिडकीसमोर पसरलेल्या कबरी. आणि त्या घरात एक तऱ्हेवाईक, कोरडा, ताट घेऊन एकटाच जेवायला बसणारा बाप. माझी मुलगी एम. ए. करत होती तेव्हा तिच्या वहीत या बापाबद्दल एक ओळ होती: ‘वडील विक्षिप्त धर्मगुरू, मुलींवर दडपण.’ पुढे सगळं मुलींबद्दल.

हे पत्र त्या एका ओळीबद्दल आहे.

मी साहित्यातला माणूस नाही. नगरपालिकेच्या आरोग्य खात्यात स्वच्छता निरीक्षक म्हणून नोकरी केली. गटारं, शौचकूप, विहिरींत टाकायची पावडर, साथीच्या दिवसांतला घरोघरचा फेरा, यात आयुष्य गेलं. मुलीच्या वहीतून हॉवर्थ हे नाव डोक्यात राहिलं आणि निवृत्तीनंतर त्या गावाबद्दल मिळेल ते वाचत गेलो. वाचता वाचता पॅट्रिक ब्राँटे भेटले, या मुलींचे वडील आणि हॉवर्थच्या चर्चचे पाळक, ते माझ्या खात्यातले निघाले. तुमच्या वर्गात मात्र त्यांची ही बाजू पोहोचलेली नाही, आणि ती पोहोचली पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आधी तारखा पाहा. २४ सप्टेंबर १८४८ रोजी त्यांचा एकुलता एक मुलगा ब्रॅनवेल गेला. १९ डिसेंबरला एमिली गेली. २८ मे १८४९ रोजी ॲन गेली, तीही घरापासून दूर, स्कारबरोला, आणि तिथेच तिला पुरलं. आठ महिन्यांत तीन मुलं. बायको १८२१ मध्येच गेली होती, मारिया आणि एलिझाबेथ या दोन थोरल्या मुली १८२५ मध्ये. सहा मुलांपैकी उरली एकटी शार्लट. पाळक तेव्हा ७२ वर्षांचे होते.

आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, ॲनला जाऊन जेमतेम तीन महिने झाले असताना, या माणसाने लंडनच्या जनरल बोर्ड ऑफ हेल्थ या मध्यवर्ती सरकारी आरोग्य मंडळाकडे गावकऱ्यांच्या सह्यांचा विनंतीअर्ज पाठवला. मागणी सरळ होती: आमच्या गावाची पाहणी करा. पाणी घाण आहे, गटारं नाहीत, दफनभूमी भरली आहे, आणि माणसं मरताहेत.

या अर्जामागे कायदा होता, तो थोडा समजावून सांगतो, कारण त्याशिवाय अर्जाचं वजन कळत नाही. १८४८ साली इंग्लंडात सार्वजनिक आरोग्याचा पहिला मोठा कायदा झाला. एखाद्या गावातल्या कर भरणाऱ्यांपैकी एक दशांश लोकांनी मागणी केली, तर मध्यवर्ती मंडळ आपला निरीक्षक पाठवू शकत होतं. निरीक्षक गावात उघड चौकशी करणार, अहवाल छापणार, आणि त्यावरून गावात स्थानिक आरोग्य मंडळ बसणार. त्या मंडळाला कर बसवता येणार, नळ आणि गटारं घालता येणार. म्हणजे अर्जावर सही करणारा माणूस स्वतःवर आणि शेजाऱ्यावर नवी पट्टी ओढवून घेत होता. आपल्याकडे पाणीपट्टी वाढवायचा ठराव आला की सभागृहात काय होतं ते तुम्ही वर्तमानपत्रात वाचता. हॉवर्थमध्ये तसंच झालं. भाड्याने घरं देणारे मालमत्ताधारक विरोधात उभे राहिले, कारण खर्च त्यांच्या खिशातून जाणार होता. गावात सह्या गोळा करायच्या आणि उद्या त्याच लोकांसमोर प्रवचनाला उभं राहायचं, याला धारिष्ट लागतं.

लंडनहून लगेच कुणी आलं नाही. पाळकांनी पुन्हा पत्रं लिहिली. अखेर एप्रिल १८५० मध्ये निरीक्षक आले, बेंजामिन हर्शेल बॅबेज. गणनयंत्राची रचना करणारे चार्ल्स बॅबेज यांचे हे चिरंजीव. त्यांचा हॉवर्थवरचा अहवाल त्याच वर्षी छापला गेला.

असे कागद मी आयुष्यभर लिहिले आहेत, म्हणून सांगतो: हा उत्तम अहवाल आहे. त्यात हळहळ नाही, मोजदाद आहे. गावात गटारव्यवस्था नावाची गोष्ट नाही. साऱ्या गावाला मिळून शौचकूप ६९. काही ठिकाणी एकाच शौचकूपावर चोवीस कुटुंबं. मैल्याचे आणि खाटकाच्या घाणीचे उकिरडे घरांना टेकून साचलेले. एका सार्वजनिक झऱ्याचं पाणी कधी कधी इतकं हिरवं आणि कुजकट व्हायचं की जनावरंही त्याला तोंड लावत नसत. गावातले कितीतरी लोक घरात लोकर विंचरायचं काम करत. त्यासाठी शेगडी रात्रंदिवस पेटलेली आणि खिडक्या बंद, आणि त्याच खोलीत झोपणं.

मग मृत्यूचे आकडे. गावातल्या मृतांचं सरासरी वय २५.८ वर्षं. जन्मलेल्या मुलांपैकी ४१.६ टक्के सहा वर्षं पुरी होण्याआधीच जात. (ही सरासरी विद्यार्थ्यांना नीट समजावून सांगा. तिथे सगळे पंचविशीत मरत होते असा तिचा अर्थ नव्हे. एवढी बाळं मरत होती की आकडा तिथवर खाली ओढला गेला.) लंडनच्या अत्यंत दाटीच्या, गरीब वस्त्यांइतकी ही स्थिती होती, आणि ती तुम्ही ज्याला मोकळ्या हवेचा माळ म्हणता त्या माळावर.

आता दफनभूमी. माझ्या मते या साऱ्या प्रकरणाचा गाभा तिथे आहे.

हॉवर्थचं चर्च चढावर आहे, त्याच्याभोवती दफनभूमी, आणि मुख्य रस्ता उतारावर खाली जातो. पाळकांचं घर दफनभूमीच्या वरच्या अंगाला, दोन बाजूंनी कबरी. केवळ त्या गावातलीच नव्हे, आसपासच्या वाड्यावस्त्यांतली माणसंही तिथेच पुरली जात. बॅबेजनी नोंदवलेला आकडा असा: आधीच्या दहा वर्षांत १,३४४ दफनं. आठवड्याला अडीच. त्याआधीची शतकं वेगळी. त्या आवारात एकूण चाळीस हजारांवर माणसं पुरली असावीत असा अंदाज सांगितला जातो. आवार मात्र तेवढंच.

जागेच्या जोडीला आणखी एक अडचण होती, आणि ती बॅबेजच्या नजरेने नेमकी टिपली. तिथली रीत कबरीवर मोठी आडवी फरशी टाकायची. फरशीला फरशी लागलेली, मध्ये मातीच उघडी नाही. गवत उगवायला जागा नाही, झाडाची मुळं जायला वाट नाही, जमिनीला हवा नाही. जिथे दर आठवड्याला देह जातात त्या जमिनीला श्वास घेता आला नाही तर खाली काय होत असेल, हे मी इथे लिहीत नाही. वरून यॉर्कशरचा पाऊस, आणि सारा निचरा उताराकडे. गावातल्या बायका त्या फरशांवर धुणं वाळत घालत. शार्लटचे पुढे पती झालेले आर्थर बेल निकल्स तेव्हा साहाय्यक पाळक होते, त्यांनी ते बंद करायला लावलं. त्या भांडणावर पॅट्रिकनी गमतीची कविताही लिहिली होती. मला त्या गमतीमागचं दृश्य दिसतं: गाव इतकं दाटलेलं की ओलं कापड पसरायला मोकळी जागा म्हणजे मेलेल्यांच्या डोक्यावरची फरशी.

बॅबेजनी शिफारस केली की इथली दफनं ताबडतोब थांबवा. आडव्या फरशांऐवजी उभे दगड लावा, झाडं लावा. पाळकांच्या तक्रारीवर सरकारी शिक्का बसला.

आता हे ध्यानात घ्या की पाळकांना हे सगळं कुणी येऊन सांगायची गरज नव्हती. इंग्लंडात १८१३ पासून दफनाची छापील नोंदवही ठेवणं चर्चला बंधनकारक होतं. मृताचं नाव, राहण्याचं ठिकाण, दफनाची तारीख, वय, विधी करणाऱ्याची सही. वयाचा रकाना! १८२० पासून जवळजवळ तीस वर्षं पॅट्रिक ब्राँटे आणि त्यांचे साहाय्यक तो रकाना भरत होते. त्यांचा तरुण साहाय्यक विल्यम वेटमन १८४२ मध्ये पटकीच्या आजाऱ्यांना भेटून स्वतः पटकीने गेला, त्याचंही प्रवचन त्यांनीच केलं. एका घरातलं तान्हं मूल, पुढच्या महिन्यात त्याच घरातलं दुसरं, मग आई. आमच्या खात्यात नोंदवह्या भरणारे अनेक असतात, नोंदवही वाचणारा क्वचित. या पाळकांनी ती वाचली.

आणि यात त्यांचा फायदा कुठला? चर्चच्या पाळकाला दफनविधीचं शुल्क मिळे. दफनभूमी बंद म्हणजे त्या शुल्काला कात्री. त्या काळात इतर धर्मगुरू याबाबत काय करत होते ते पाहिलं तर फरक कळतो. लंडनमध्ये स्ट्रँडजवळ एनन चॅपल नावाचं प्रार्थनागृह १८२३ मध्ये सुरू झालं. त्याच्या चालकाने फरशीखालच्या तळघरात स्वस्तात दफनं घ्यायला सुरुवात केली, आणि पुढच्या दोनेक दशकांत त्या एवढ्याशा तळघरात सुमारे बारा हजार प्रेतं कोंबली गेली. वर लाकडी तक्तपोशी, तिच्यावर भाविक, पोरं, भजनं. जॉर्ज आल्फ्रेड वॉकर नावाच्या शल्यवैद्याने १८३९ मध्ये लंडनच्या या दफनभूमींचा गौप्यस्फोट केला, तेव्हा लोक हादरले. पुढे प्रार्थनागृह बंद पडल्यावर त्याच जागेत नाचाचे कार्यक्रम होत. शेवटी वॉकरने स्वतःच्या खर्चाने ते अवशेष नॉरवुडच्या दफनभूमीत हलवले.

ते टोकाचं उदाहरण झालं. पण अधिकृत चर्चही जागेच्या प्रश्नात हिशोब विसरलं नव्हतं. १८३० च्या दशकात लंडनबाहेर केन्सल ग्रीनसारख्या मोकळ्या खासगी दफनभूमी निघाल्या, तेव्हा तिथे पुरल्या जाणाऱ्या प्रत्येक माणसामागे त्याच्या मूळ पॅरिशच्या (एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीच्या) धर्मगुरूला ठरावीक रक्कम मिळावी अशी तरतूद कायद्यात करून घेण्यात आली. उत्पन्न बुडणार म्हणून नव्या दफनभूमींना नाखूश असलेले पाळक कमी नव्हते. मी त्यांना दुष्ट म्हणत नाही. अनेकांचं पोट त्यावर होतं. पॅट्रिक ब्राँटेंचंही फार मोठं उत्पन्न नव्हतं, आणि राहतं घर चर्चचं होतं, त्यांचं नव्हे. आयर्लंडच्या काउंटी डाउनमधल्या एका गरीब घरातल्या दहा मुलांपैकी ते थोरले. कष्टाने केंब्रिजपर्यंत पोहोचले होते. पैशाची किंमत त्यांना माहीत होती. तरीही त्यांनी मागितलं ते हेच की माझ्या चर्चच्या आवारात आता माणसं पुरू नका.

अहवाल छापला म्हणजे काम झालं नाही, हे मी वेगळं सांगायला नको. स्थानिक मंडळ बसलं, पण खर्चावरून ओढाताण चालू राहिली, आणि म्हातारे पाळक मंडळाला दिरंगाईबद्दल लिहीत राहिले. पाण्याची नीट व्यवस्था व्हायला १८५० च्या दशकाचा उत्तरार्ध उजाडला. देशभर चित्र थोडं हललं होतं. १८५२ मध्ये लंडनसाठी आणि पुढच्या वर्षी बाकी इंग्लंडसाठी दफनाचे कायदे झाले, भरलेल्या दफनभूमी सरकारी हुकमाने बंद करता येऊ लागल्या आणि गावांना नव्या जागेसाठी मंडळं नेमता आली. हॉवर्थची दफनभूमी १८५६ मध्ये बंद झाली. अर्जापासून सात वर्षं. शार्लट त्याआधीच, ३१ मार्च १८५५ रोजी गेली होती.

झाडं लावायची शिफारस अमलात यायला १८६४ साल लागलं. इथे माझी एक विशेष विनंती आहे. वर्गात पडद्यावर तुम्ही हॉवर्थच्या दफनभूमीचा फोटो दाखवता: उंच काळी झाडं, फांद्यांवर कावळे, खाली शेवाळलेले दगड. मुलांना सांगता की या वातावरणातून त्या कादंबऱ्या आल्या. ती झाडं ब्राँटे भगिनींनी पाहिलेलीच नाहीत. तिघी गेल्यावर, त्यांचे वडीलही गेल्यावर, जमिनीतलं कुजणं नीट व्हावं म्हणून आरोग्याच्या कारणाने ती लावली गेली. त्यांच्या खिडकीसमोर होत्या त्या उघड्याबोडक्या फरशा.

मग तो ‘विक्षिप्त बाप’ आला कुठून? तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. शार्लट गेल्यावर पॅट्रिकनी स्वतः कादंबरीकार एलिझाबेथ गास्केल यांना तिचं चरित्र लिहायला सांगितलं. ते १८५७ मध्ये आलं. त्यात पिस्तुलं झाडणारा, मुलांचे रंगीत बूट जाळणारा, बायकोचा रेशमी झगा कापणारा बाप होता. कामावरून काढलेल्या एका बाईच्या सांगण्याचा त्यात मोठा भाग होता. पुढच्या आवृत्तीत यातला काही मजकूर वगळावा लागला. पण गोष्ट एकदा सुटली की सुटली. पॅट्रिकनी स्वतः त्यावर फारसा आकांत केला नाही. मुलीचं नाव राहिलं याचं त्यांना समाधान होतं. अलीकडच्या चरित्रकारांनी कागदपत्रं तपासून त्यांची बाजू बरीच सावरली आहे, तरी वर्गातल्या नोट्सपर्यंत ते झिरपलेलं दिसत नाही.

मी त्यांना संत ठरवत नाही. ते हट्टी होते, शार्लटच्या लग्नाला त्यांनी आधी कडाडून विरोध केला. आणि एका जुन्या दंतकथेच्या जागी नवी आणू नका, हेही सांगतो. दफनभूमीच्या पाण्याने ब्राँटे मुलं मेली असं छातीठोक सांगणारे लेख हल्ली दिसतात. ते धरून चालू नका. ब्रॅनवेल, एमिली, ॲन यांचे आजार क्षयाचे मानले जातात, शार्लटच्या मृत्यूच्या दाखल्यावरही क्षयच आहे, आणि क्षय कबरीतून येत नाही. पॅट्रिकना आणि बॅबेजनाही रोगाचं खरं कारण ठाऊक नव्हतं. त्या काळी दोष दुर्गंधीला, वाईट हवेला दिला जाई. पटकी पाण्यातून पसरते असं लंडनचे डॉक्टर जॉन स्नो यांनी त्याच १८४९ मध्ये मांडलं, पण ते मान्य व्हायला वेळ लागला. क्षयाचा जंतू जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांना सापडला १८८२ मध्ये. तरीही विनंतीअर्जातली मागणी बरोबर होती. स्वच्छ पाणी, वाहती गटारं, वस्तीबाहेर दफन: कारणाचा तर्क चुकला तरी उपाय चुकला नव्हता. आणि दुःख स्वतःच्या घरात असताना त्यांनी मागितलं ते सगळ्या गावासाठी, विशेषतः त्या लोकर विंचरणाऱ्यांसाठी, ज्यांच्या मुलांबद्दल कुणी चरित्र लिहिणार नव्हतं. पाळकांच्या घराला स्वतःची विहीर होती, स्वतःचा शौचकूप होता.

७ जून १८६१ रोजी पॅट्रिक ब्राँटे ८४ व्या वर्षी गेले. त्यांची जागा चर्चमधल्या कुटुंबाच्या तळघरात, बायकोमुलांशेजारी. पण दफनं तर बंद झाली होती, त्यांनीच मागणी करून बंद करवली होती. त्यामुळे त्यांना तिथे ठेवण्यासाठी लंडनहून गृहमंत्र्यांची खास परवानगी आणावी लागली.

तुमच्या वर्गात लातूरची, जतची, मनमाडची मुलं बसतात. टँकरची वाट पाहणं त्यांना शिकवावं लागत नाही. धुक्यातला माळ त्यांना परका आहे, पण सार्वजनिक नळावरचं भांडण नाही, आणि कर वाढेल म्हणून गटाराला नको म्हणणारे लोकही नाहीत. मुंबईच्या मुलांना शिवडीची ख्रिस्ती दफनभूमी ठाऊक असेल. तीही १८६० च्या दशकातलीच, शहरातल्या जुन्या जागा पुरेनात म्हणून वस्तीपासून दूर काढलेली. इंग्रजी कादंबरीचं जग या मुलांना आपल्या ओळखीचं वाटायला यापेक्षा मोठा दरवाजा मला दिसत नाही.

मागणं फार नाही. पुढच्या सत्रात ब्राँटे शिकवाल तेव्हा एक तास बॅबेजच्या अहवालाला द्या. त्यातली शौचकूप, पाणी आणि दफनभूमी यांवरची पानं छापून मुलांच्या हाती द्या आणि ती कादंबरीशेजारी ठेवून वाचायला सांगा. शार्लटने १८४७ मध्ये ‘जेन एअर’ या कादंबरीत रंगवलेल्या त्या शाळेतली तापाची साथ, तिथलं निकृष्ट अन्न, मुलींचे मृत्यू, हे सगळं मग त्यांना वेगळं वाचता येईल, कारण ते लिहिणारी मुलगी कुठल्या नोंदवहीच्या सावलीत वाढली हे त्यांना कळलेलं असेल. आणि नोट्समधली ती ओळ खोडा. तिथे लिहा: पॅट्रिक ब्राँटे, पाळक. ऑगस्ट १८४९ मध्ये गावाच्या पाण्यासाठी आणि दफनभूमी बंद करण्यासाठी सरकारकडे अर्ज केला.

आपला नम्र,
एक निवृत्त स्वच्छता निरीक्षक